उंचवट्यांवरचा इजिप्त

इजिप्तविषयी शाळेत सर्वांत आधी कानावर पडणारे वाक्य म्हणजे ‘इजिप्त ही नाईल नदीची देणगी आहे’. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात त्या देशात फिरून आलेल्या हिरोडोटस या ग्रीक लेखकाचे हे म्हणणे मुळात उत्तरेकडच्या त्रिभुज प्रदेशाला उद्देशून होते. ती जमीन नदीने गाळ टाकून घडवलेली आहे, असा त्याचा रोख होता. पुढे ते सबंध संस्कृतीला लावले गेले आणि त्यातून एक सोपे चित्र तयार झाले: नदीने दिले, माणसांनी घेतले आणि पिरॅमिड उभे राहिले. माणसे नेमकी कुठे राहत होती, घर बांधण्यासाठी त्यांनी कोणती जागा निवडली आणि कोणती कटाक्षाने टाळली, हे या चित्रात कुठेच दिसत नाही. मला मात्र इजिप्तचा आरंभकाळ समजून घेण्याची वाट याच प्रश्नातून जाते असे वाटते, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा पुराच्या पाण्यापासूनच्या दोन-तीन मीटर उंचीत सापडते.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावी वाचनालयातर्फे सुटीच्या दिवशी मुलांसाठी इतिहासाचे वर्ग चालतात. तिथे नववीतल्या एका मुलीने विचारले, की नाईलचा काठ एवढा सुपीक होता, तर शेती तिथे आधी का सुरू झाली नाही? प्रश्न नेमक्या मर्मावर बोट ठेवणारा होता. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील प्रदेशात गहू आणि जव माणसाच्या शेतात आले, शेळ्या-मेंढ्या माणसाळल्या, आणि त्यानंतर जवळजवळ तीन हजार वर्षांनी ही पिके नाईलच्या खोऱ्यात रुजली. दोन प्रदेशांमधले अंतर फार नाही. सिनाईच्या वाटेने माणसांची ये-जा होऊ शकत होती. असे असूनही एवढा काळ का जावा, याचे कारण नदीच्या औदार्यातही होते आणि तिच्या धाकातही.

औदार्याचे उदाहरण आस्वानच्या उत्तरेला वाडी कुब्बानिया येथे मिळते (तिथे वाडी म्हणजे कोरडे नदीपात्र). सुमारे १८ ते २० हजार वर्षांपूर्वी इथे राहणारी माणसे पुराच्या सुरुवातीला उथळ पाण्यात अंडी घालण्यासाठी येणारे मांगूर जातीचे मासे मोठ्या प्रमाणावर पकडत होती आणि पाणी ओसरल्यावर नागरमोथ्याचे कंद खणून खात होती. हा नागरमोथा आपल्याही शेताच्या बांधावर उगवतो आणि आपण तो तण म्हणून उपटून टाकतो. तिथे मात्र वर्षातले कित्येक महिने पोट भरण्याचे ते भरवशाचे साधन होते. वर्षभर एकामागून एक काही ना काही देणारी नदी जवळ असताना नांगरणी, पेरणी आणि राखण यांचे कष्ट कोणी आपणहून पत्करत नाही. धाकाची बाजू अशी, की हिमयुग संपत असताना, सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीपासून पुढे, नाईलला इतके प्रचंड पूर येत होते की अभ्यासकांनी त्या काळालाच ‘रानटी नाईल’ असे नाव दिले आहे. अशा नदीच्या अगदी काठाशी स्थिर वस्ती करणे धोक्याचे होते.

त्याच वेळी पश्चिमेला एक वेगळे जग आकार घेत होते. सूर्याभोवती फिरताना पृथ्वीच्या अक्षाची दिशा हजारो वर्षांच्या आवर्तनाने हळूहळू बदलते आणि त्यामुळे उन्हाळ्यात उत्तर गोलार्धाला मिळणारी उष्णता कमी-अधिक होते. सुमारे दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी ही उष्णता वाढलेली होती, आफ्रिकेतील मोसमी पावसाचा पट्टा आजच्यापेक्षा कितीतरी उत्तरेला सरकला होता आणि आज जिथे पाण्याचा थेंब मिळत नाही त्या सहाराच्या पूर्व भागात गवताळ माळ, खुरटी झाडे आणि पावसाळी तळी होती. अबू सिम्बेलच्या पश्चिमेला सुमारे १०० किलोमीटरवर असलेल्या नब्ता प्लाया या ठिकाणी फ्रेड वेंडॉर्फ यांच्या पथकाने १९७० च्या दशकापासून केलेल्या कामातून अशा जगाचे तपशील पुढे आले. सुमारे ९ हजार वर्षांपूर्वी तिथे झोपड्या होत्या, धान्य साठवण्याचे खड्डे होते, खोल विहिरी होत्या. माणसे रानटी ज्वारी गोळा करून भाजत होती आणि गुरांचे कळप बाळगत होती. पुढच्या काळात तिथे गायीबैलांचे विधिपूर्वक दफन झालेले दिसते आणि मोठ्या शिळा रांगेत उभ्या केलेल्या दिसतात. आणखी पश्चिमेला गिल्फ केबीरच्या पठारावर वाडी सुरा येथील गुहेत पोहणाऱ्या माणसांसारख्या आकृती रंगवलेल्या आहेत. १९३३ मध्ये लास्लो अल्माशी यांनी त्या पाहिल्या तेव्हा भोवती केवळ वाळू होती.

हा पाऊस कायम राहिला असता, तर इजिप्त आपल्याला माहीत आहे तसा घडला असता असे मला वाटत नाही. इ.स.पू. ५३०० च्या सुमाराला पावसाचा पट्टा पुन्हा दक्षिणेकडे मागे सरकू लागला. तळी आटली, विहिरी अधिकाधिक खोल खणाव्या लागल्या, कळपांना चारा मिळेना. काही माणसे पावसामागून दक्षिणेला, आजच्या सुदानकडे गेली. काही मरूद्यानांत थांबली. काही पूर्वेला नदीकडे आली. इ.स.पू. ३५०० पर्यंत इजिप्तच्या पश्चिमेचे वाळवंट जवळपास आजच्याइतके कोरडे झाले होते. वाळवंटातील वस्त्यांचे अवशेष विरळ होत जाण्याचा काळ आणि नाईलच्या काठाने वस्त्यांचे अवशेष वाढत जाण्याचा काळ एकमेकांशी जुळतात. ही स्थलांतरे एका पिढीत घडलेली नाहीत. चांगल्या वर्षी माळावर परत जाणारे, वाईट वर्षी काठावर येणारे असे लोक कित्येक शतके दोन्हीकडे वावरत असणार. नदीकडे आलेल्यांनी कळपांचा अनुभव, दुष्काळाची जाण आणि गायीविषयीची श्रद्धा सोबत आणली. पुढच्या इजिप्शियन धर्मात गायीच्या रूपातली हाथोर देवी आणि राजाला दिलेली बैलाची उपमा दिसते, तिची मुळे या गुराख्यांपर्यंत जातात असे अनेक अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटते.

आता नदीकडे वळू. नाईल दोन स्वभावांच्या प्रवाहांनी बनते. विषुववृत्ताजवळच्या सरोवरांतून येणारी श्वेत नाईल वर्षभर साधारण सारख्याच प्रमाणात वाहते आणि उन्हाळ्यात नदीला आटू देत नाही. निळी नाईल आणि अत्बारा या नद्या मात्र इथिओपियाच्या उंच पठारावरून येतात. तिथे जून ते सप्टेंबर या महिन्यांत पाऊस कोसळतो आणि ज्वालामुखी खडकांची झिजलेली काळी माती घेऊन लोंढे खाली उतरतात. वर्षभरात इजिप्तला पोचणाऱ्या पाण्याचा सुमारे ८५ टक्के वाटा या पठारावरचा आहे आणि सुपीक गाळही बहुतांशी तिथलाच. गोव्यात आपण छत्र्या उघडतो त्याच महिन्यांत हा पाऊस पडतो आणि एल निनोच्या वर्षी आपल्याकडचा पाऊस रोडावण्याची जशी भीती असते तशीच तिथेही असते. फरक एवढाच, की आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस आपल्याच डोक्यावर पडतो, तर कैरोत तो २५ मिलिमीटरच्या आसपास आणि आस्वानमध्ये नाममात्र असतो. इजिप्तच्या शेतकऱ्याने ढग न पाहताच पूर पाहिला. हजारो किलोमीटर दूर पडलेले पाणी निरभ्र आकाशाखाली त्याच्या दारी येई: जूनअखेरीस आस्वानला पातळी चढू लागे, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सगळे खोरे पाण्याखाली जाई आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत जमीन पुन्हा उघडी पडे.

हे पाणी जमिनीवर कसे पसरत असे, हे समजल्याशिवाय वस्तीचा प्रश्न सुटत नाही. आपल्या मनात नदीकाठ म्हणजे नदीकडे उतरत जाणारी जमीन असते. नाईलच्या पूरमैदानात उतार उलटा आहे. पुराचे पाणी पात्राबाहेर पडताच त्याचा वेग मंदावतो आणि त्यातला जाडसर गाळ लगेच काठावरच बसतो. बारीक माती पुढे वाहत जाऊन दूर बसते. वर्षानुवर्षे असे झाल्याने काठाची जमीन सर्वांत उंच होते आणि तिथून वाळवंटाच्या दिशेने ती हळूहळू खाली जाते. नदीच्या पाण्यातून बाहेर येऊन पश्चिमेकडे चालू लागलेल्या माणसाला आधी हा काठाचा उंचवटा लागेल, त्यावर बाभळी, झाऊ आणि उंबराच्या जातीची झाडे. मग विस्तीर्ण, किंचित उतरत जाणारी खोलगट शेतजमीन. मग सर्वांत सखल भागात लव्हाळ्याची दलदल. आणि त्यानंतर एकदम, पावलाच्या अंतरात, कोरडी वाळू आणि मुरमाची वाळवंटी कड, जिच्यामागे चुनखडीचे कडे उभे असतात. काठाचा उंचवटा खोलगट भागापेक्षा साधारण एक ते तीन मीटर उंच असे. पुराच्या दिवसांत खोलगट भागात माणूसभर पाणी उभे राही तेव्हा या उंचवट्यावरची घरे कोरडी राहत.

माणसांना राहण्यासाठी म्हणून दोनच जागा उरल्या: नदीलगतचा उंचवटा आणि वाळवंटाची कड. या दोहोंमधली सगळी जमीन पाण्याची आणि पिकाची. सुरुवातीच्या इजिप्तमधल्या जवळपास प्रत्येक वस्तीचा विचार या दोन जागांच्या संदर्भात करता येतो आणि मला तरी या विषयात याहून उपयुक्त असे दुसरे सूत्र मिळालेले नाही. खोऱ्याची रुंदी सगळीकडे सारखी नाही. दक्षिणेला जेबेल सिल्सिलाजवळ डोंगर थेट पाण्याला भिडतात, तर मध्य इजिप्तमध्ये खोरे वीस किलोमीटरच्या आसपास रुंद होते. जिथे डोंगर मागे सरकतात आणि खोलगट मैदान मध्यम आकाराचे असते, म्हणजे थोड्या माणसांनी बांध घालून सांभाळण्याजोगे असते, तिथे आरंभीची मोठी केंद्रे उदयाला आली. फार रुंद मैदानांची व्यवस्था करायला पुढे कित्येक शतके जावी लागली.

गोव्यातल्या वाचकाला हे सगळे परके वाटू नये. आमच्या भागात म्हादईच्या काठच्या काही गावांतून पुरण शेती होत आली आहे: पावसाळ्यातल्या पुराने नदीलगत आणून टाकलेल्या गाळावर, पाणी उतरल्यावर, दगडमातीचे बांध घालून भात लावले जाते आणि पुढचा पावसाळा येण्याआधी ते कापले जाते. घरे मात्र त्या जमिनीवर कधीच नसतात. वाडा, म्हणजे घरांची वस्ती, डोंगराच्या पायथ्याशी, उतारावर असतो. पिकाची जमीन घराला द्यायची नाही आणि घर पाण्याच्या वाटेत बांधायचे नाही, हे इथे कोणाला शिकवावे लागत नसे. तिसवाडी आणि सासष्टीतल्या खाडीकाठच्या खाजन शेतीत गोष्ट उलटी होते. तिथला बांध आणि मानस, म्हणजे बांधातले पाण्याचे दार, भरतीचे खारे पाणी बाहेर ठेवण्यासाठी असतात, तर नाईलच्या काठचा बांध गोडे पाणी आत कोंडून, चाळीस-पन्नास दिवस जमिनीत मुरवून, मग सोडून देण्यासाठी असे.

या कोंडण्या-सोडण्याचे दोन मोठे फायदे होते आणि ते माणसाच्या कर्तबगारीपेक्षा निसर्गाच्या जुळणीतून मिळाले. पहिला वेळेचा. पूर ओसरून माती ओली असताना हिवाळा सुरू होई आणि भूमध्य प्रदेशातून आलेली पिके, म्हणजे खपली गहू, जव आणि जवस, हिवाळ्यातच वाढणारी होती. बी फेकावे, त्यावरून गुरे किंवा मेंढ्या फिरवून ते मातीत दाबावे आणि मार्च-एप्रिलमध्ये कापणी करावी. मधल्या काळात पाणी द्यावे लागत नसे. मेसोपोटेमियात युफ्रेटिस आणि टायग्रिसचा पूर वसंतात, म्हणजे उभे पीक कापणीला आलेले असताना येई, आणि त्यापासून पिकाचे रक्षण करावे लागे. दुसरा फायदा मातीतल्या क्षाराचा. दरवर्षी साचून खाली मुरणारे आणि पुन्हा नदीकडे निचरा होणारे पाणी जमिनीतले मीठ धुऊन नेई, त्यामुळे दक्षिण मेसोपोटेमियातल्या शेतांना जडलेला खारटपणाचा रोग इथे हजारो वर्षे लागला नाही. शतकाला साधारण दहा सेंटीमीटर या गतीने नवा गाळ वर चढत राहिला, तोच खताचे काम करी.

तरीही पहिले शेतकरी थेट खोऱ्याच्या मध्यावर आले नाहीत. सर्वांत जुनी ठळक चिन्हे फयूममध्ये मिळतात. हा नाईलच्या पश्चिमेचा खोलगट प्रदेश असून नदीच्या पुराचे पाणी एका फाट्याने त्यात येई आणि तिथे आजच्या कारून सरोवरापेक्षा कितीतरी मोठे सरोवर होते. १९२० च्या दशकात गर्ट्रूड केटन-थॉम्पसन आणि एलिनॉर गार्डनर यांनी त्या जुन्या किनाऱ्यांचा शोध घेतला, तेव्हा किनाऱ्यापासून थोड्या उंचावर, कोरड्या मुरमात खणलेली धान्याची पेवे त्यांना आढळली. पेवांना आतून गवताच्या विणलेल्या चटयांचे अस्तर होते. काहींत खपली गहू आणि जव शिल्लक होते, आणि एका ठिकाणी गारगोटीची पाती बसवलेला लाकडी विळा जसाच्या तसा मिळाला. पक्क्या घरांचा मात्र पत्ता नाही. मिळतात त्या चुली, माशांची हाडे आणि राख. माझ्या समजुतीप्रमाणे हे लोक सरोवराच्या पाण्याबरोबर पुढे-मागे सरकत होते. पेरणी हा त्यांच्या अनेक उद्योगांपैकी एक होता आणि मासेमारी, शिकार, गुरे हे बाकीचे. धान्य मात्र त्यांनी उंच आणि कोरड्या जागी ठेवले. घर हलू शकते, बियाणे भिजून चालत नाही.

मेरिम्दे बेनी सलामे इथे पुढची पायरी दिसते. त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिम कडेला, वाळवंटाच्या एका उंच जिभेवर, इ.स.पू. ५००० च्या सुमारापासून जवळपास हजार वर्षे ही वस्ती टिकली. हर्मन युंकर यांनी १९२८ नंतर तिथे उत्खनन केले. सुरुवातीच्या थरात हलक्या झोपड्या, नंतरच्या थरात मातीच्या लगद्याने उभारलेली, अर्धवट जमिनीत उतरलेली लंबगोल घरे आणि त्यांच्या ओळी, घरांशेजारी धान्याची साठवण. एका बाजूला पाणथळ चराऊ रान आणि मासे, दुसऱ्या बाजूला कोरडा माळ, आणि पूर चढेल तिथून वर असलेली पायाखालची जमीन, असा तिहेरी लाभ त्या जागेने दिला.

दक्षिणेत, म्हणजे वरच्या इजिप्तमध्ये, बदारी येथील लोक इ.स.पू. ४४०० ते ४००० या काळात वाळवंटाच्या कडेने राहत होते. जवळच्या हेमामिये येथे केटन-थॉम्पसन यांनी लहान गोल झोपड्यांचे एकावर एक थर काळजीपूर्वक उलगडले आणि बदारी लोक नकादाच्या लोकांच्या आधीचे होते हे जमिनीतच दाखवून दिले. नकादा हे गाव पूर्वेच्या वाळवंटात शिरणाऱ्या वाडी हम्मामातच्या तोंडासमोरच्या टापूत आहे. त्या वाटेने सोने, उत्तम दगड आणि पुढे तांबडा समुद्र असे सगळे हाताशी येत होते. ज्या कोरड्या नदीपात्रांना तिथे वाडी म्हणतात, त्यांच्या मुखाशी वस्ती वाढणे ही त्या काळातली वारंवार दिसणारी गोष्ट आहे, कारण तिथे शेत, नदी आणि खनिजांची वाट एकत्र येत होती.

सर्वांत बोलके ठिकाण हायराकॉनपोलिस, प्राचीन नेखेन, हे आहे आणि त्याच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. इ.स.पू. चौथ्या सहस्रकाच्या पूर्वार्धात इथली वस्ती वाडी अबू सुफियानच्या दोन्ही अंगांना, वाळवंटाच्या कडेवर, लांबवर पसरलेली होती. मडकी भाजण्याच्या भट्ट्या होत्या, बिअर बनवण्याची मोठी केंद्रे होती, सधन माणसांची दफनभूमी होती आणि तिच्यात माणसांबरोबर हत्तीसारखे प्राणीही पुरलेले होते. त्या शतकांत वाळवंटावर अधूनमधून पाऊस पडत होता, वाडीत झाडी होती आणि म्हणून कडेवर राहणे परवडत होते. पुढे पाऊस घटला; मायकल हॉफमन यांनी असे मांडले की भट्ट्यांसाठी तोडलेले लाकूड आणि गुरांची चराई यांनीही ती झाडी संपवली. इ.स.पू. ३५०० च्या आसपास वस्ती कडेवरून उठून पूरमैदानातल्या उंचवट्याकडे सरकली आणि तिथे दाट, तटबंदीचे गाव झाले. आधी मैलभर पसरलेली माणसे आता भिंतीला भिंत लावून राहू लागली. दाटीबरोबर बांधांची देखभाल, साठवण, वाटणी आणि भांडणे सोडवणारा अधिकारी हे सगळे अपरिहार्य होते. याच नेखेनमध्ये क्विबेल आणि ग्रीन यांना १८९७-९८ च्या मोसमात राजा नार्मरची शिल्पपाटी सापडली, जी इ.स.पू. ३१०० च्या सुमारास दोन्ही भूमी, म्हणजे दक्षिणेचा आणि उत्तरेचा इजिप्त, एकत्र आल्याची खूण मानली जाते. इजिप्तचे राज्य ज्यांच्या हातून उभे राहिले ती माणसे कोरड्या पडत चाललेल्या कडेवरून खाली आलेल्यांची वंशज होती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

इथे पुराव्याच्या स्वरूपाविषयी सावध राहायला हवे. मृतांना शेतजमिनीत पुरणे परवडणारे नव्हते, म्हणून त्यांना वाळवंटाच्या कडेवर नेले गेले. तिथल्या उष्ण वाळूने देह, केस, चटया, मडक्यांतले अन्न टिकवून ठेवले. फ्लिंडर्स पेट्री यांनी १८९५ च्या सुमारास नकादाच्या परिसरात दोन हजारांहून अधिक थडगी उघडली, पण राहत्या घरांचे अवशेष त्या मानाने अगदी थोडे मिळाले. जिवंत माणसांची कच्च्या विटांची घरे नदीकाठच्या उंचवट्यांवर होती आणि ते उंचवटे एकतर नदीने पात्र बदलताना कापून नेले किंवा नव्या गाळाखाली कित्येक मीटर गाडले. त्यामुळे प्राचीन इजिप्शियन लोकांना जगण्यापेक्षा मरणाचीच अधिक ओढ होती असे जे म्हटले जाते, त्याला भूगोलाने केलेली ही निवड मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहे. हे विधान पुन्हा पुन्हा ऐकताना मला वाईट वाटते, कारण त्यामुळे पेरणी, कापणी, विणकाम आणि स्वयंपाक करणारी लाखो माणसे इतिहासातून पुसली जातात.

त्रिभुज प्रदेशात ही अडचण आणखी वाढते. तिथे नदी अनेक शाखांत विभागली जाई. ग्रीक लेखक सात मुखांविषयी लिहितात, आज रोझेटा आणि डॅमिएटा या दोनच मोठ्या शाखा उरल्या आहेत. शाखांच्या मधोमध पपायरसची दलदल, आणि त्या दलदलीतून वर डोकावणारे जुन्या वाळूचे टेकाड. स्थानिक लोक त्यांना गझीरा म्हणतात. नाईलच्या आजच्या गाळाच्या कितीतरी आधी साचलेली ही वाळू पुरात बुडत नसे. बूटो, तेल अल-फरखा, मिनशात अबू ओमर ही सुरुवातीची ठिकाणे अशाच उंच वाळूवर आहेत. उत्तरेतल्या लोकांना समुद्रमार्ग आणि सिनाईची वाट जवळ होती. कैरोजवळच्या माआदीमध्ये पॅलेस्टाईनकडची मडकी, तांबे आणि ओझ्याची गाढवे यांचे पुरावे आहेत.

नदीवर ताबा ठेवायचा तर हुकूमशाही लागते, म्हणून पाटबंधाऱ्यांतून राजसत्ता जन्मली, असा सिद्धान्त कार्ल विटफोगेल यांनी १९५७ मध्ये मांडला आणि तो बराच काळ अभ्यासक्रमांतून फिरत राहिला. इजिप्तपुरता तो टिकत नाही. कार्ल बुट्झर यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले, की तिथली सिंचनव्यवस्था एकेका खोलगट मैदानापुरती, स्थानिक होती. नैसर्गिक उंचवट्याला एक खाच पाडायची, पाणी आत घ्यायचे, आडवा बांध घालून ते थांबवायचे, वेळ आली की सोडायचे. एवढे काम शेजारच्या दोन-चार गावांना जमणारे होते. आपल्याकडे गावकरी संस्थांनी राजे बदलत असतानाही बांध आणि मानस सांभाळले, हे ज्यांना माहीत आहे त्यांना हे सहज पटेल. नेखेनला मिळालेल्या विंचू राजाच्या गदेच्या डोक्यावर राजा हातात कुदळ घेऊन पाण्याजवळ उभा दिसतो. बहुतेक अभ्यासक त्याचा अर्थ कालवा किंवा बांध फोडण्याचा विधी असा लावतात. म्हणजे राजाने आधीपासून चाललेल्या कामावर आपला मानाचा हक्क सांगितला. त्यानंतर राज्याने पूर मोजायला सुरुवात केली. पालेर्मो येथे ठेवलेल्या शिलालेखात पहिल्या राजघराण्यापासूनच्या राजांच्या वर्षांखाली पुराची उंची हात, मुठी आणि बोटे या मापांत कोरलेली आहे. पुराच्या उंचीवरून त्या वर्षी किती जमीन भिजेल आणि म्हणून किती धान्य निघेल याचा अंदाज बांधता येई.

या मोजमापांतून असे दिसते की पहिल्या घराण्यानंतर पुरांची उंची सरासरीने उतरली. त्याचा वस्तीवर झालेला परिणाम आस्वानजवळच्या एलिफंटाईन बेटावर थेट पाहता येतो. सुरुवातीच्या काळात तिथे ग्रॅनाइटची दोन बेटे होती आणि मधला सखल भाग दरवर्षी पुरात जाई, त्यामुळे वस्ती पूर्वेकडच्या उंच खडकावर दाटीने बसलेली होती. पातळी उतरत गेली तसा मधला भाग भरत गेला, आणि पुढच्या शतकांत घरे तिथेही उतरली. दक्षिण सीमेवर धबधब्यांनी नौकांची वाट अडवलेली असल्यामुळे या गावाला नाक्याचे महत्त्व होते. तिथून उत्तरेकडे मात्र नदी हाच राजरस्ता होता: प्रवाह उत्तरेला नेई आणि वर्षातले बहुतेक दिवस वाहणारा उत्तरेचा वारा शीड भरून दक्षिणेला आणी. खोरे संपून त्रिभुज प्रदेश जिथे सुरू होतो, त्या सांध्यावर मेम्फिस ही राजधानी वसवली गेली. पहिल्या राजाने नदीचा प्रवाह बांध घालून वळवला आणि कोरड्या झालेल्या जागेवर हे नगर उभारले, अशी कथा हिरोडोटसने तिथल्या पुरोहितांकडून ऐकली होती. पुढे नदी पूर्वेकडे सरकत गेली आणि नगरानेही तिच्यामागून जागा बदलली.

एकाच उंचवट्यावर पिढ्यान्‌पिढ्या घरे पडत आणि त्यावर नवी उभी राहत, म्हणून गावाची जमीन आपोआप उंच होत गेली. गाळाने शेते चढत होती आणि मातीच्या भिंतींनी गावे. एकोणिसाव्या शतकात हीच जुनी टेकाडे मोठ्या प्रमाणावर खणून नेली गेली, कारण कुजलेल्या कच्च्या विटांची माती शेतात उत्तम खत म्हणून चालत होती. १९७० मध्ये आस्वानचे उंच धरण पूर्ण झाले, वार्षिक पूर थांबला आणि उंचवट्यावर राहण्याचे कारणच उरले नाही. आता घरे थेट शेतजमिनीत पसरत आहेत. कालव्यांचे पाणी बारमाही झाल्याने भूजल वर चढले असून त्रिभुज प्रदेशात पुरातत्त्वज्ञांना थोडे खणताच पाणी लागते. म्हणून तिथे आज पंप लावून खड्डे कोरडे ठेवावे लागतात किंवा हाताने फिरवायच्या लांब गिरमिटाने जमिनीत भोके पाडून मातीचे नमुने वर काढले जातात; त्यात काळ्या गाळाखाली पिवळी वाळू लागली आणि वाळूच्या माथ्यावर मडक्याचे तुकडे मिळाले, की तिथे एक जुना उंचवटा आणि त्यावर एक गाव होते, एवढे नकाशावर मांडता येते. अशा नोंदींवरून गाडल्या गेलेल्या शाखा आणि त्यांच्या काठची गावे जोडण्याचे काम सध्या चालू आहे, आणि इजिप्तविषयी पुढच्या काळात मिळणारी खरी नवी माहिती मोठ्या थडग्यांपेक्षा या भोकांतूनच येईल असे मला वाटते.